पृथ्वीवरचा सर्वात जुना खडक कोणता? तो मुंबईजवळ कुठे बघायला मिळेल?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, शाळेने प्राचीन खडकांवर प्रकल्प दिलाय आणि रविवारी सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल असं ठिकाण हवंय. अंधेरीची गिल्बर्ट हिल जगातली सर्वात जुनी आहे असं कुणीतरी सांगितलं, तर ती चालेल का, असंही विचारलंय.

नाही चालणार. गिल्बर्ट हिल जरूर बघा. दोनशे फूट उंच काळे उभे खांब, वर गावदेवीचं देऊळ, भोवती इमारतींचा वेढा. पण वयाने ती पोर आहे, सहा-साडेसहा कोटी वर्षांची. पृथ्वी ४५४ कोटींची. पृथ्वीला नव्वदीची आजी धरलं तर गिल्बर्ट हिल म्हणजे सव्वा वर्षाचं पणतवंड. कान्हेरी, घारापुरी, माथेरान, महाराष्ट्रातला जवळजवळ अख्खा सह्याद्री याच लाव्हाच्या पिढीतला. 'सह्याद्री हा जगातला सर्वात जुना पर्वत' असा मेसेज दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो आणि दर पावसाळ्यात मी तिथे भांडतो.

परीक्षेपुरतं उत्तर एका ओळीत देतो. कॅनडाच्या वायव्य भागात, येलोनाइफच्या उत्तरेला तीनेकशे किलोमीटरवर अकास्टा नावाच्या नदीकाठी नाइस नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा खडक आहे, वय ४०३ कोटी वर्षं. मी १९८७ ला भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा आम्ही ग्रीनलंडमधलं इसुआ लिहायचो, ३७० ते ३८० कोटी. दोनच वर्षांनी अकास्टाचा आकडा आला आणि आमच्या वह्या रद्दीत गेल्या. नाइसला विश्वकोशात पट्टिताश्म म्हटलंय. शब्द छान आहे, पण मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, म्हणून नाइसच म्हणतो.

मुंबईत असा पट्ट्यापट्ट्यांचा नाइस कुठे आहे? डोंगरात नाही. स्वयंपाकघरात आहे. माझ्या स्वयंपाकघरात तर आहेच, आणि त्यावरून माझ्या मेहुण्यांशी माझा २०११ पासून वाद चालू आहे. तो सांगितल्याशिवाय मला हे उत्तर लिहिता येणार नाही.

आमची लालबागची चाळ पाडून टॉवर झाला. बिल्डरने जो ओटा दिला होता तो इतका पातळ की खलबत्त्याचा घाव घातला की गॅसवरचं पातेलं नाचायचं. बायको म्हणाली, बदलू या. शिळफाट्याला एका गोदामात गेलो. स्लॅब उभे लावून ठेवलेले होते, काळे, लाल, ठिपक्यांचे, सगळ्यांवर ग्रॅनाइट म्हणून चिठ्ठी. एका कोपऱ्यात राखाडी-गुलाबी रंगाचा एक स्लॅब धूळ खात उभा होता. गडद पट्टा, फिका पट्टा, पुन्हा गडद. मध्येच ते पट्टे साडीच्या निऱ्यांसारखे दुमडलेले. आणि या सगळ्याला तिरकी छेदून गेलेली बोटभर रुंदीची एक पांढुरकी शीर.

गोदामवाला म्हणाला, "काका, तो माल बघू नका, त्याच्यात रेघा आहेत. घेणारच असाल तर अर्ध्या भावात देतो."

मी तिथेच उभ्या उभ्या बायकोला शिकवायला लागलो. आधी हे पट्टे झाले. प्रचंड दाब आणि उष्णतेखाली काळी खनिजं एकीकडे, गारगोटी आणि फेल्डस्पार दुसरीकडे अशी वाटणी झाली. मग घड्या पडल्या, कारण पट्टे घडीबरोबर वळलेत. शीर शेवटची, कारण ती घडीलाही कापून गेलीय. तीन घटना, त्यांचा क्रम, सगळं एका पाटीवर लिहिलेलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सरांनी कर्नाटकात नेऊन हेच वाचायला शिकवलं होतं, चोवीस वर्षांनी पहिल्यांदा उपयोगाला आलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हळदीचे डाग दिसतील का तेवढं सांगा."

स्लॅब घरी आला त्या दिवशी तिचे थोरले भाऊ आले. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो. ठाण्याला बांधकामाची कंत्राटं घेतात, पस्तीस वर्षांचा अनुभव. त्यांनी रुपयाचं नाणं काढून स्लॅबवर चार ठिकाणी वाजवलं आणि म्हणाले, "भावोजी, फसवलं तुम्हाला. हे ग्रॅनाइट नाही. रेघ म्हणजे तडाच. सिंकपाशी फुटणार."

मी म्हणालो, "दादा, ग्रॅनाइट नाही हे बरोबर बोललात. पण ही रेघ नाही, पट्टा आहे. दोन-अडीचशे कोटी वर्षं टिकलाय तो. तुमच्या सिंकला घाबरतोय?"

दादा म्हणाले, "दोनशे कोटी वर्षांत त्याला कोणी भोक पाडलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सिंकसाठी कापायला घेतलं. सिंकच्या पुढे अडीच इंचांची पट्टी राहते, तेवढी. शेवटचा कोपरा सुटला आणि टक् असा आवाज आला. काळ्या पट्ट्यातून, अगदी अभ्रकाच्या थरातून, सरळ चीर. दादा चहा घेत होते. ते काहीही बोलले नाहीत. खारी चहात बुडवली आणि खाल्ली. ते बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं.

तेव्हापासून त्यांचं पालुपद एकच: "दगड म्हणजे आपला काळा दगड. बाकी सगळा शोकेसचा माल." गेटवेपासून रेल्वेच्या खडीपर्यंत मुंबईच्या लाव्हानेच मुंबई उभी केली हे मलाही मान्य आहे. पण त्यांचा जो लाडका काळा दगड, तो कच्चा माल आहे, आणि पहिले खंड त्याच्यासारख्याच दगडातून शिजून निघालेत, हे त्यांना चौदा वर्षांत एकदाही पटवता आलेलं नाही. तुमच्या मुलाला पटतंय का बघा.

लोणी कढवताना काय होतं? तूप वर सुटतं, बेरी खाली बसते. सुरुवातीच्या पृथ्वीवर कवच म्हणून जे होतं ते बरंचसं बेसाल्टसारखं, म्हणजे दादांच्या काळ्या दगडासारखं, काळं, जड. ते समुद्राच्या पाण्याने भिजलं, मग कुठल्या ना कुठल्या मार्गाने खोल गेलं आणि तापलं. सगळं वितळलं नाही, थोडंच वितळलं. जे वितळलं ते फिकं, हलकं, गारगोटी आणि सोडियम जास्त असलेलं. तेच तूप. वर येऊन थिजलं की टोनॅलाइट, ट्रॉन्डजेमाइट, ग्रॅनोडायोराइट. नावं पाठ करू नका, जगभर त्यांच्या आद्याक्षरांवरून टीटीजी म्हणतात. जगातले जुने करडे नाइस बहुतांशी हेच टीटीजी, नंतर दाबले, तापवले, दुमडले गेलेले. खाली उरलेल्या बेरीत गार्नेट नावाचं खनिज. गार्नेट ईटर्बियमसारखी जड मूलद्रव्यं धरून ठेवतं, म्हणून वरच्या तुपात ती कमी सापडतात. ज्याने बेरी कधी पाहिलेलीही नाही त्याला नुसत्या तुपाच्या तपासणीवरून सांगता येतं की भांडं किती खोल चुलीवर होतं. मला या शास्त्रातली ही युक्ती सर्वात आवडते.

आणि यात पाणी लागतं. कोरडा बेसाल्ट इतक्या सहजी वितळत नाही.

हे तूप हलकं असतं म्हणून टिकलं. बेसाल्टची घनता तीनच्या जवळपास, या फिक्या खडकांची २.७, खालच्या प्रावरणाची ३.३. समुद्राचा तळ पुन्हा पोटात जातो, म्हणून आजच्या महासागरांखाली वीसेक कोटी वर्षांपेक्षा जुना तळ जवळजवळ सापडतच नाही. खंड मात्र तरंगत राहतात, एकमेकांवर आपटतात, चुरगळतात, पण बुडत नाहीत. जुनं काही शोधायचं असेल तर खंडांच्या मधोमध शोधा, काठाला शोधून उपयोग नाही.

ते कवच खोल कसं गेलं यावर मात्र तज्ज्ञांची मारामारी आहे. एक बाजू म्हणते, तेव्हाही आजच्यासारख्या प्लेटा, म्हणजे कवचाचे मोठमोठे तुकडे, एकमेकींखाली सरकत होत्या. दुसरी म्हणते, तसं काही नव्हतं, जागच्या जागी थरावर थर चढून कवच जाड झालं आणि तळाला शिजलं. २०२१ मध्ये झारखंड-ओडिशाच्या सिंहभूमवर एक अभ्यास आला. तिथली जमीन ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या वर आली, आणि त्याला प्लेटांची गरज पडली नाही, खालून जाडी वाढत गेली आणि ती उचलली गेली, असं त्यात म्हटलंय. मला हेच पटतं. मी संशोधक नाही, हार्डवेअरचं दुकान चालवतो, पण मत आहे.

आता 'सर्वात जुना' या शब्दाबद्दल. बहुतेक उत्तरं इथेच माती खातात. सर्वात जुना खडक आणि सर्वात जुना दाणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिरकॉन नावाचं एक खनिज असतं, वाळूच्या कणाएवढं किंवा त्याहून बारीक. खडक झिजला, वाहून गेला, पुन्हा खडक झाला, पुन्हा तापला, तरी झिरकॉन तसाच. कुकरला कितीही शिट्ट्या करा, डाळीतला खडा शिजत नाही, तसं. तो तयार होताना युरेनियमला घरात घेतो आणि शिशाला दारातच अडवतो. त्यामुळे आत जे शिसं सापडतं ते जवळजवळ सगळं त्या युरेनियमचंच झालेलं. युरेनियम २३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं, युरेनियम २३५ ला सत्तरेक कोटी. एकाच दाण्यात दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर विश्वास ठेवायचा.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला जॅक हिल्समध्ये असा एक दाणा सापडला, वय ४४० कोटी, जाहीर झालं २००१ मध्ये. पण तो ज्या खडकात आहे तो तीनशे कोटींच्या आसपासचा. आजीची नथ नातीच्या नाकात असली म्हणून नात नव्वदीची होत नाही. आपल्याकडेही ओडिशात चंपुआजवळच्या खडकात ४०० कोटींच्या पुढचे दाणे सापडल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा वर्तमानपत्रांनी 'भारतात सर्वात जुना खडक' असा मथळा दिला असेल तर तो चुकीचा. दाणे जुने आहेत, खडक त्यांच्यानंतरचा.

अकास्टाचा पहिला नंबरही निर्विवाद नाही. कॅनडातच हडसन उपसागराच्या काठी नुव्वुआगिट्टुक म्हणून पट्टा आहे. तिथला खडक ४२८ कोटींचा असल्याचा दावा २००८ मध्ये झाला, बऱ्याच जणांनी मानला नाही. २०२५ मध्ये तिथल्याच खडकांना ४१६ कोटी हा आकडा मिळाला. गंमत अशी की हा खडक मूळचा बेसाल्टच्या जातीचा, नंतर रूपांतरित झालेला. म्हणजे काळा दगडच पहिला आला, असं दादा म्हणू शकतात. त्यांना कळलेलं नाही आणि मी सांगणार नाही.

आता बघायचं कुठे. मुंबईच्या पायाखालीही कुठेतरी खोल जुनं कवच आहे, पण वर लाव्हाचा जाड थर. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा १२४७ मीटर नुसता बेसाल्ट लागला आणि मग ग्रॅनाइट-नाइस सुरू झाला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला पाडलं तिथे ३३८ मीटरलाच बेसाल्ट संपला. सह्याद्री म्हणजे जुन्या पलंगावर टाकलेली नवी गादी, एवढंच. गादी जिथे संपते तिथे पलंग दिसतो: पूर्व विदर्भात गोंदियाचं आमगाव आणि गडचिरोली, आणि खाली तळकोकणात सिंधुदुर्ग. यातलं काहीही रविवारी जाऊन परत येण्यासारखं नाही. सिंधुदुर्गाला रात्रीची तुतारी पकडा, दोन दिवस ठेवा.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. मी सहावीत असताना वडिलांनी विहीर खोदायला घेतली. वर जांभा, त्याखाली चिकट माती, आणि मग पहारीला असा दगड लागला की ठिणग्या उडाल्या. बाहेर काढलेला तुकडा पट्ट्यापट्ट्यांचा होता. गवंडी म्हणाला होता, "ह्यो दगड वेगळो आसा." माझं भूशास्त्र तिथून सुरू झालं, कॉलेजात नाही. कोल्हापूरकडच्या आमच्या पाहुण्यांना पटायचं नाही की कोकणातल्या विहिरीत काळा कातळ लागत नाही म्हणून.

आणि सुट्टीत बंगळुरूला जाणार असाल तर तिथल्या लालबागेत जा. हो, तिथेही लालबाग आहे, आणि तिथला राजा म्हणजे बागेतली उघडी नाइसची टेकडी, वर केम्पेगौडाचा छोटा बुरूज. सुमारे तीनशे कोटी वर्षांची. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक केलंय, तशी पाटीही आहे. लोक तिच्यावर बसून भेळ खातात. मीही खाल्ली आहे. रांग नाही, व्हीआयपी पास नाही.

पण प्रकल्प या रविवारचा असेल तर मार्बलवाल्याकडे जा. सिंकसाठी कापून काढलेला तुकडा त्यांच्याकडे पडलेला असतो, बहुतेक फुकट देतात. काळा एकसारखा नको, ठिपक्यांचाही नको, पट्ट्यांचा मागा. 'पॅराडिसो' म्हणून जो जांभळट, लाटालाटांचा येतो तो उत्तम. 'काश्मीर व्हाइट' मिळाला तर त्यातले लालसर ठिपके मुलाला दाखवा, ते गार्नेट. तो काश्मीरचा नाही, तामिळनाडूचा आहे, दुकानदाराशी वाद घालू नका. शेजारी बेसाल्टच्या खडीचा एक तुकडा ठेवा, बांधकामावरून घ्या, रुळांवरून नको. मग मुलाला तुकड्यावरच्या घटना क्रमाने लिहायला सांगा: काय आधी, काय नंतर, कशावरून. इंटरनेटवरून छापलेल्या ज्वालामुखीच्या चित्रापेक्षा हे शंभरपट बरं. बाई मार्क कमी देतील कदाचित. देऊ देत.

आणि तुमच्या घरी ओटा करायचा असेल तर, विचारलं नाहीत तरी सांगतो: पट्ट्यांचा स्लॅब बिनधास्त घ्या, फक्त पट्टे ओट्याच्या लांबीच्या दिशेने धावले पाहिजेत. आमचा ओटा काटकोनात होता. लांब बाजू बरोबर कापली गेली, पण सिंकची आखूड बाजू स्लॅबच्या आडव्या अंगातून काढली, त्यामुळे पट्टे आडवे आले आणि अडीच इंचांची ती पट्टी बरोबर अभ्रकावर मोडली. लाकूड कापताना सुतार रेषा बघतो की नाही? मग दगड कापणाऱ्याने का बघू नये? म्हणजे दगड निर्दोष होता. दादांनी हे एकदा तरी कबूल करावं एवढीच माझी अपेक्षा आहे.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. 'दोन-अडीचशे कोटी' हा आकडा मी दादांच्या तोंडावर फेकला खरा, पण माझ्या स्लॅबची खाण कुठली हे गोदामवाल्याला माहीत नव्हतं, मलाही नाही. दक्षिणेतले सगळे नाइस एका वयाचे नसतात, काहींचं रूपांतर फक्त पन्नास-साठ कोटी वर्षांपूर्वी झालंय. पट्टे बघून वय कळत नाही, त्याला झिरकॉन लागतो. तेव्हा प्रकल्पात तुकड्याचं वय लिहू नका, 'नाइस, रूपांतरित खडक' एवढंच लिहा.

दुसरी गोष्ट ओट्याची. अरल्डाइट भरून तो अजून तोच आहे, दादा आले की सिंकपाशी उभे राहून त्या चिरेवरून बोट फिरवतात. मिस्त्री आखूड बाजूही लांबीतूनच काढणार होता. निऱ्यांचा तो भाग बरोबर सिंकसमोर दिसला पाहिजे म्हणून स्लॅब फिरवायला मी लावलं. दादांना हे माहीत नाही. ते इथलं काही वाचत नाहीत.